सोनाबाईच्या डब्याचं झाकण

तिसरी भाकरी तव्यावर होती तेव्हा फोन वाजला. माझे हात पिठानं भरलेले, म्हणून आमच्या यांनी उचलला. "व्हय... व्हय... कधी?" एवढंच बोलले आणि फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, "सिस्टर निघाल्या काय? रिक्षा मिळत नसली तर तुम्ही जावा की गाडी घेऊन." त्यावर हे म्हणाले, "मंगल, आधी गॅस बंद कर." मी काही गॅस बंद केला नाही. त्यांचं तोंड दिसत होतं, पण हात आपले चालूच. चौथी भाकरी थापायला घेतली. शेवटी यांनीच येऊन गॅस बंद केला आणि सांगितलं, सिस्टर इमेल्डा गेल्या. मी म्हटलं, "कुठं गेल्या? आज त्या आपल्याकडं येणार हाईत." खरंच असं म्हटलं मी. बावन्न वर्षांची बाई, शाळेत मुलांना शिकवते, आणि 'गेल्या' या शब्दाचा अर्थ मला कळेना.

त्या रविवारी दुपारी सिस्टर माझ्या घरी जेवायला येणार होत्या. चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. सकाळची प्रार्थना झाल्यावर बाकीच्या सिस्टर नाष्ट्याला गेल्या आणि ह्या चॅपेलमध्येच बाकावर बसून राहिल्या. जपात असतील म्हणून कुणी हाक मारली नाही. तासाभरानं मारली, तेव्हा ऐकायला त्या नव्हत्या. ना ताप, ना दवाखाना, ना कुणाला निरोप. आदल्याच दिवशी मला फोन करून विचारलं होतं, "मंगल, ज्वारीचीच करशील ना भाकरी? गहू नको हं." आज महिना होऊन गेला, तरी तो आवाज कानात तसाच्या तसा आहे आणि माणूस नाही, हे डोक्यात काही केल्या शिरत नाही. लोक म्हणतात, वय झालं होतं, सुखानं गेल्या. असेल. मला मात्र भर बाजारात कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

आम्ही निपाणीचे. वडील मी लहान असतानाच वारले. आई, सोनाबाई, तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. वखारीतल्या बायका खोकायच्याच, त्यामुळं आईच्या खोकल्याकडं आधी कुणी लक्ष दिलं नाही. रक्त पडलं तेव्हा शेजारणीनं तिला ओढत मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं ह्या भेटल्या. कारवारकडच्या, कोकणी बोलणाऱ्या, उंच, काळ्यासावळ्या, चाल अशी की बरोबर चालणाऱ्यानं पळावं. आईला टीबी निघाला. रोज सुई टोचायची होती आणि आईच्या अंगात रोज दवाखान्यापर्यंत चालण्याचं बळ नव्हतं. मग सिस्टरच आमच्या वस्तीत यायला लागल्या. हातात काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी आणि गळ्यात पाण्याची बाटली. आईला त्यांचं नाव कधी जमलं नाही, ती म्हणायची, "इमलाबाई शिस्टर आल्या गं, मंगे, पाट टाक." सिस्टर सुई द्यायच्या, पाठ चोळायच्या, आणि आई ज्या राखेच्या डब्यात थुंकायची तो डबा स्वतःच्या हातानं बाहेर नेऊन जाळायच्या. मी सख्खी पोरगी, पण त्या डब्याला हात लावायला मी कचरायचे. त्यांनी कधी नाकाला पदर लावला नाही.

पण आमच्या घरचं पाणी त्या प्यायल्या नाहीत.

पहिल्या दिवशी आईनं चहा केला तर हात जोडून म्हणाल्या, "नको, सोनाबाई, आत्ताच झाला." दुसऱ्या दिवशी "ॲसिडिटी आहे." तिसऱ्या दिवशी आईनं नुसतं पाणी पुढं केलं, तर गळ्यातली बाटली दाखवून हसल्या. उन्हाळा सुरू झाला, घामानं डबडबून यायच्या, आणि आमच्या माठाशेजारी बसून आपल्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायच्या. आम्ही कोण, आमची वस्ती कुठली, हे निपाणीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. वस्तीच्या तोंडाशी बुद्धविहार होता, तोच आमचा पत्ता. आईनं जन्मभर एकच वाक्य ऐकलेलं, "आमच्यात चालत न्हाय." वखारीच्या पिंपाला हात लावायला गेलं की आमच्यात चालत न्हाय. शेठाणीच्या पडवीत बसलं की आमच्यात चालत न्हाय. सिस्टर तसं म्हणाल्या नाहीत, पण आईला ते न बोललेलंही ऐकू यायचं. मी एकदा म्हटलं, "अगं, रोगाला भीत असतील." आई फिस्कारली, "रोगाला भ्याल्या असत्या तर थुंकी उचलली असती व्हय? रोगाला न्हाय भीत त्या. जातीला भित्यात."

शेवटची सुई झाली त्या दिवशी आईनं हुग्गी केली. खपली गव्हाची खीर ती, आमच्याकडं हुग्गी म्हणतात. रात्रभर भिजवलेला गहू, गूळ, खोबरं, वेलदोडा. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईनं चुलीपुढं दोन तास बसून केलेली हुग्गी. पाट मांडला, ताट वाढलं, नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. सिस्टर आल्या. ताट बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता रडतात. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सोनाबाई, डब्यात देता? घरी नेऊन खाते." आईनं ताटातली हुग्गी उचलून डब्यात ओतली. तो तिच्या रुखवताचा स्टीलचा डबा, झाकणावर 'सोनाबाई' असं कोरलेलं. झाकण लावलं आणि हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. सिस्टरनी वाकून उचलला.

दुसऱ्या दिवशी मी गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. मिशनच्या मागच्या फाटकाशी एक म्हातारी बसायची, भीक मागून खायची. तिच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत हुग्गी होती. आमची हुग्गी! खोबऱ्याचे काप आई कसे करते ते मला कळत नाही होय? मी धावत घरी आले आणि आईला सांगितलं. आता वाटतं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आई सूप घेऊन बसली होती, तिनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "टाकली न्हाय न्हवं... खाल्ली की कुणीतरी." चार दिवसांनी मिशनचा माळी डबा घेऊन आला. आत सहा लिंबं होती, पण झाकण नव्हतं. "शिस्टरची बदली झाली, जांबोटीकडं. काल गेल्या," म्हणाला. भेटल्या नाहीत, सांगितलं नाही. आईनं लिंबं शेजारणीला दिली आणि डब्यावर बशी झाकली. पुढं कायम तो डबा बशी झाकलेलाच राहिला.

आणि गंमत बघा, याच बाईनं माझं आयुष्य केलं. जायच्या आधी माझा बेळगावच्या होस्टेलचा फॉर्म भरून, सही करून ठेवून गेल्या होत्या. त्या होस्टेलात राहून मी शिकले, मास्तरीण झाले, बेळगावातच घर केलं. जांबोटीच्या रानातून, पावसात एसटीची वाट बघत, वर्षातून दोनदा तरी त्या मला भेटायला यायच्या. वह्या आणायच्या, जांभळं आणायच्या, गणितात कमी मार्क पडले की कान धरायच्या. आई माझ्याकडं राहायला आल्यावरही यायच्या, पण अशा वेळी की जेवणाचा प्रश्न येऊ नये. आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं. आईला त्यांच्याविषयी कुणी विचारलं की ती म्हणायची, "देवमाणूस हाय. पर आपल्या हातचं खाल्लं न्हाय." या दोन्ही गोष्टी एका दमात, आणि दोन्ही तितक्याच खऱ्या असल्यासारख्या. सहा वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या आजारातसुद्धा तिनं एकदा हे वाक्य म्हटलं होतं.

आता खडेबाजारातलं सांगते. सिस्टर निवृत्त होऊन बेळगावच्या कॉन्व्हेंटात आल्या होत्या. फोनवर बोलणं व्हायचं, भेट कमी. त्या रविवारच्या आठवडाभर आधी मला खडेबाजारात दिसल्या. शहात्तर वर्षांच्या, पाठीत जरा वाकलेल्या, एका दुकानात शिवणाचे दोरे निवडत होत्या आणि दुकानदाराशी कानडीत हुज्जत घालत होत्या. मला बघून लहान मुलीसारख्या खूश झाल्या. म्हणाल्या, "चल गं, चहा पिऊ." समोरच्या हॉटेलात शिरलो. चहा आला, बन आला. त्यांनी बन चहात बुडवला आणि मिटक्या मारत खाल्ला. वर पोऱ्याला म्हणाल्या, "अजून एक आण."

माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या तोंडाला लगाम नाही हे माझ्या शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, पण सिस्टरपुढं तो चाळीस वर्षं कसाबसा राहिला होता. त्या दिवशी सुटला. मी म्हटलं, "हॉटेलात कुणाच्याबी हातचं चालतंय, व्हय सिस्टर? माझ्या आईच्या हातचं पाणी चाललं न्हाई तुम्हाला. तिनं हुग्गी केली ती तुम्ही भिकारणीला घातली. बघितलं मी माझ्या डोळ्यांनी! थुंकी उचलली आमची, पण घास न्हाई उचलला. जात आडवी आली, असं सरळ सांगायचं होतं." शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. सिस्टरांनी कप खाली ठेवला. बशीवर चहा सांडला. मग विचारलं, "सोनाबाईला असं वाटलं?"

मी म्हटलं, "मरेपर्यंत."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील, भांडतील, निदान माफी मागतील. डोळे उघडून म्हणाल्या, "तो डबा आहे का गं अजून?" मी म्हटलं, "आहे. बिनझाकणाचा." त्यावर त्या हसल्या. रडताना माणूस हसतो तसं. "रविवारी तुझ्याकडं जेवायला येते. तेव्हा सांगते सगळं. इथं नको." मी तुसडेपणानं म्हटलं, "या. बघू या." हे माझे त्यांच्या तोंडावरचे शेवटचे शब्द. बघू या! शनिवारी त्यांचा फोन आला तेव्हा राग उतरला होता, पण माफी मागायची ती जेवायला वाढतानाच मागू, म्हणून राखून ठेवली.

सोमवारी त्यांना पुरलं. कॉन्व्हेंटच्या मागं एका ओळीत सिस्टरांच्या कबरी आहेत, सगळ्या सारख्या, नाव आणि दोन तारखा. मी भिंतीशी उभी होते. पेटीत त्यांचा चेहरा होता तसाच होता, फक्त कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. जांबोटीकडून बायकांची एक अख्खी गाडी भरून आली होती, त्या गळा काढून रडत होत्या. मला रडू येईना. माझ्या डोक्यात एकच, मी मारलं का यांना? डॉक्टर म्हणाले, झोपेत यावं तसं मरण आलं, कशामुळं असं काही नाही. पण डॉक्टर काय खडेबाजारात नव्हते. त्या आठवड्यात मी वर्गात फळ्यासमोर उभी राहायचे आणि काय लिहायला आले तेच विसरायचे.

दहाएक दिवसांनी सिस्टर जोसेफिनचा फोन आला, कॉन्व्हेंटच्या आताच्या मोठ्या सिस्टर. "तुमची एक वस्तू इथं आहे, घेऊन जाता का?" गेले. त्यांनी एक कापडी पिशवी पुढं ठेवली. "ही चॅपेलात त्यांच्याशेजारी बाकावर होती. तुमच्याकडं यायला तयार होऊनच प्रार्थनेला बसल्या होत्या." पिशवीत सहा लिंबं होती आणि रुमालात गुंडाळलेलं स्टीलचं झाकण.

मी झाकण ओळखलं आणि त्याच्या कडेवरनं बोट फिरवत तशीच उभी राहिले. जोसेफिननी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "तुम्हाला हे काय ते माहीत आहे ना?" मी म्हटलं, "हे माझ्या आईच्या डब्याचं. तुमच्याकडं कसं?" मग त्यांनी सांगितलं. त्या वेळी त्या निपाणीच्या कॉन्व्हेंटात नव्यानं आलेल्या, अठरा वर्षांच्या होत्या, स्वयंपाकघरात भांडी घासायच्या. तेव्हा तिथं जुन्या वळणाच्या सुपीरियर, म्हणजे मोठ्या सिस्टर होत्या आणि त्यांच्यात नियम होता की सिस्टरनी बाहेरच्या कुणाच्याही घरी खायचं नाही, प्यायचं नाही. गरिबाच्या नाही, श्रीमंताच्या नाही, ख्रिस्ती माणसाच्यासुद्धा नाही. कलेक्टरच्या घरीही इमेल्डा बाटलीतलंच पाणी प्यायच्या. आणि बाहेरून कुणी काही दिलं तर ते आपलं नसतं, आणून सुपीरियरच्या पुढं ठेवायचं. "तुमच्या आईची हुग्गी आली तेव्हा मी तिथं होते. सुपीरियरनी निम्मी आम्हाला वाढली, निम्मी दारावरच्या म्हातारीला द्यायला सांगितली. इमेल्डा शेवटी जेवायच्या. त्यांच्यापर्यंत डबा आला तेव्हा तो रिकामा होता. त्यांनी झाकण उलटं केलं आणि झाकणाला लागलेली हुग्गी बोटानं पुसून खाल्ली. मी बघत होते. मला म्हणाल्या, 'हे धुवायला टाकू नकोस.'"

तो नियम सुटला तो पार आई गेल्यानंतर. पण झाकण राहिलं. त्यांच्यात स्वतःचं असं काही नसतं, बदलीच्या वेळी एक पेटी आणि त्यात काय काय न्यायचं ते विचारून न्यायचं. जोसेफिन म्हणाल्या, "प्रत्येक बदलीला नव्या सुपीरियरला विचारायच्या, 'हे झाकण मी नेऊ?' आम्ही हसायचो. त्यातच जेवायच्या. कॉन्व्हेंटात ताटांचे ढीग पडलेत, पण इमेल्डांची भाकरी या झाकणात. शेवटच्या रात्रीसुद्धा."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, तिथं बसून मला भयंकर राग आला. मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, मग सांगायचं होतं! नियम आहे म्हणून एक वाक्य बोलायचं होतं! माझी आई जीव जाईस्तोवर ते घेऊन जगली."

जोसेफिननी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हेच मी त्यांना विचारलं होतं, तेव्हाच. नियमातून सूट मिळावी म्हणून त्यांनी सुपीरियरना तीनदा विचारलं होतं, मिळाली नाही. मी म्हटलं, मग त्या बाईंना नियम सांगून टाका की. तर म्हणाल्या, 'जोसेफिन, ती बाई जन्मभर प्रत्येक दारात ऐकत आली आहे, आमच्यात चालत नाही. आता मीही तिच्या दारात उभं राहून तेच सांगू? आमच्यात चालत नाही? कुठल्या तोंडानं सांगू?'"

म्हणून त्यांनी ॲसिडिटी सांगितली. बाटली दाखवली. त्या वाक्यापासून आईला वाचवायला गेल्या आणि तेच वाक्य आईनं मरेपर्यंत न बोलता ऐकलं. दोघी शहाण्या, दोघी मानी, आणि मधे मी पोस्टमनसारखी, इकडचं तिकडं सांगणारी. मला अजूनही वाटतं, सिस्टर चुकल्या. सांगायला हवं होतं. आई दोन दिवस फणफणली असती आणि मग म्हणाली असती, "आसंल बाई, मग रिटायर झाल्यावर या जेवायला." देवमाणसं म्हणून काय झालं, माणसंच ती, चुकतात. पण मला हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं, भाकरी वाढता वाढता, भांडत. तेवढं तरी द्यायचं होतं त्यांनी मला.

झाकण घरी आणलं. फडताळातून डबा काढला, बशी बाजूला केली, झाकण लावून बघितलं. बसत नाही. इतकी वर्षं ताट म्हणून वापरून कड बाहेर पसरली आहे. हे म्हणाले, "दे, ठोकून आणतो भांडीवाल्याकडनं." मी म्हटलं, "हात लावायचा न्हाई." रोज घासून घासून वरची अक्षरंही गेली आहेत, उन्हात तिरकं धरलं तरच 'सोनाबाई' दिसतं. परवाच्या रविवारी मी खपली गहू भिजवला, गूळ-खोबरं घालून आई करायची तशी हुग्गी केली, त्यातली सिस्टरच्या नावानं त्या झाकणात वाढली आणि खाली पाटावर बसून जेवले. शेवटी झाकणाला लागलेली बोटानं पुसून खाल्ली. गोड होती, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं. आये, खाल्लं होतं गं त्यांनी तुझ्या हातचं.